वारी चुकली त्या वर्षी

घरावर संकट आलं की माणसं भेटायला येतात आणि जाताना बहुतेक जण एकेक कारण ठेवून जातात. आमच्या धाकट्याला मण्यार चावला तेव्हाही तेच झालं. कुणी म्हणालं, कुलाचार राहिला असेल. कुणाला नागदेवतेचा कोप दिसला. एक आजी तर त्याच्या उशाशी बसून म्हणाल्या, वारीला निघायच्या आदल्या रात्रीच असं व्हावं म्हणजे पांडुरंगाच्या मनात तुम्ही यावं असं नव्हतं. दहा वर्षांचं पोर ऐकत होतं. रात्री त्याने विचारलं, "आई, मी देवाला नको होतो का?"

लोणंदला माउलींच्या पालखीत सामील व्हायचं म्हणून घर पाहुण्यांनी भरलं होतं. अंथरुणं जमिनीवर, बाहेर पाऊस. मध्यरात्रीनंतर मुलगा पोट धरून उठला. एक उलटी झाली. अंगावर कुठे दात उमटलेले नाहीत, सूज नाही, रक्त नाही. माझ्या जाऊबाई आशा सेविका आहेत. त्यांनी कंदील त्याच्या तोंडाशी धरला आणि म्हणाल्या, "पापण्या बघ गं, उघडेनात याला. मण्यार चावलाय." मण्यार रात्री हिंडतो. त्याचे दात इतके बारीक की झोपलेल्याला कळतही नाही. पोटदुखी, उलटी, मग जड पापण्या, अडखळती जीभ, गिळता न येणं आणि शेवटी श्वास बंद, असं ते विष चढत जातं.

शेजारच्या वाडीत विष उतरवणारा एक जण आहे, त्याच्याकडे नेऊ, असा आवाज उठलाच. सासरे माळकरी, आयुष्यभर वारी केलेले. ते म्हणाले, "पांडुरंगाला दवाखान्याचा रस्ता ठाऊक आहे. 108 ला फोन लावा." त्या एका वाक्यावर माझं मूल जगलं, असं मी मानते.

ग्रामीण रुग्णालयात सर्पविषावरची लस सुरू झाली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर एकच लस चालते आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. पण मण्यारचं विष एकदा नसांना जखडून बसलं की नुसत्या लसीने लगेच सुटत नाही. तोवर श्वासाचं काम यंत्राला करावं लागतं. म्हणून पुढे जिल्ह्याच्या गावी नेलं. तिथे तो निपचित पडला होता. पापणी हलत नव्हती, बोट हलत नव्हतं. मी कोसळलेच होते. डॉक्टर म्हणाले, "बाई, शरीर हलत नाही म्हणून तो नाही असं समजू नका. त्याला ऐकू येत असेल. बोलत राहा." सासऱ्यांनी खुर्ची ओढली आणि हळू आवाजात हरिपाठ सुरू केला. परवानगी मिळेल तितका वेळ, रोज. बोलता येऊ लागल्यावर मुलगा म्हणाला, "तात्या, तुम्ही एका ठिकाणी अडखळला होतात."

देवाने आमचं मूल वाचवलं, असं म्हणताना माझी जीभ आजही थबकते. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. त्या घरांतही देवघर होतं, तिथेही कुणीतरी नवस बोललं होतं. त्यांचं मूल देवाला नको होतं, असं कोण म्हणेल? तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा दुष्काळात गेले. वारकरी परंपरा सांगते की पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. दुष्काळ का आला याच्यापेक्षा त्यानंतर त्यांनी काय केलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. देवाचा हेतू मी तिथेच शोधते. मुलालाही तेच सांगितलं: साप अंधारात अन्न शोधत होता, तू त्याच्या वाटेत होतास. देव तुझ्यावर रागावला नव्हता. आता तुझ्या हातून काय करवून घ्यायचं आहे ते बघू.

तेव्हापासून दर एकादशीला भजन संपलं की जाऊबाई थोडा वेळ बोलतात. दंश झाला तर कापू नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. माणसाला चालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवून थेट लस असलेल्या दवाखान्यात न्या. सापाच्या मागे धावण्यात वेळ घालवू नका. मागच्या पावसाळ्यात वरच्या आळीतल्या एका सुनेचं पहाटे पोट दुखू लागलं आणि डोळे मिटू लागले. तिच्या घरच्यांनी ओवा चाटवत न बसता सरळ गाडी काढली. ती आज शेतात काम करते आहे. त्या वर्षीची वारी का चुकली, असं आता आमच्या घरात कुणी विचारत नाही.

संकटातल्या घरी भेटायला जाल तेव्हा कारणं सांगू नका, निदान मुलांसमोर तरी नको. आणि तुमच्याकडे कुणी जमिनीवर झोपत असेल, तर पाऊस सुरू व्हायच्या आत मच्छरदाणी आणा आणि तिच्या कडा गादीखाली नीट खोचा.