मायच्या हातची गव्हाची खीर : एक प्रॅक्टिकल

होस्टेलवर सगळ्यात जास्त आठवण कशाची येते, तर घरच्या जेवणाची. त्यातही आमच्या हिंगोलीकडच्या पोरांना गव्हाची खीर म्हटलं की गाव दिसतं. नागपंचमीला आमच्याकडे चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. मग राहतं काय? उकडलेली दिंडं आणि गव्हाची खीर!

ही खीर चार मित्रांना खाऊ घालायची म्हणून मायला फोन करून प्रमाण विचारा. उत्तर ठरलेलं : "मापटंभर गहू, गूळ अंदाजानं, पाणी बसंल तेवढं." आता हा 'अंदाज' कोणत्या टेबलमध्ये बघायचा? १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आली, पण मायच्या कणगीत अजून मापटंच आहे. ८ मापट्यांची १ पायली, हे तिला तोंडपाठ. शिवाय मापटं आकारमान मोजतं आणि आपला काटा वजन. गहू बारीक की टपोरा, यावर उत्तर बदलणारच.

उपाय सोपा आहे. सुट्टीत घरी गेलात की माय खीर करताना गुळाचा डबा आधी वजन करा, तिने हवा तेवढा गूळ घेतला की पुन्हा करा. वजाबाकी म्हणजे मायचा 'अंदाज'. तिचा हात अडवायचा नाही, फक्त मोजायचं.

साहित्य (१२ ते १५ वाट्या) : गहू ५०० ग्रॅम (बन्सी किंवा खपली असेल तर उत्तम), तांदूळ मूठभर, गूळ ५०० ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं वाटीभर, खसखस २ चमचे, वेलदोडे, जायफळ, सुंठ, तूप, दूध १ लिटर.

कृती आणि कारणं :

१) गव्हाला पाण्याचा हात लावून अर्धा तास झाकून ठेवा. ओलाव्याने वरचा कोंडा चिवट होतो आणि दाण्यापासून सुटतो. पिठाच्या मोठ्या गिरण्याही दळण्याआधी गहू ओलवतात, त्यामागेही हेच तत्त्व.

२) उखळात हलक्या हाताने कांडा. उखळ नसेल तर मिक्सर एकेक सेकंद, आठ-दहा वेळा फिरवा. दाणा भरडला जावा, रवा होऊ नये. मग जरा वाळवून सुपात पाखडून कोंडा काढा.

३) तांदूळ घालून रात्रभर भिजत ठेवा. पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत जायला वेळ लागतोच. हे डिफ्युजन आहे, घाई चालत नाही.

४) साडेसात लिटरच्या कुकरमध्ये सुमारे २ लिटर पाणी घालून शिजवा. एक शिट्टी झाली की मंद आचेवर अर्धा तास. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, फेस येऊन शिट्टीचं भोक बंद होऊ शकतं. गव्हाचा स्टार्च साधारण ६० अंशांच्या आसपास फुगू लागतो. कुकरमध्ये तापमान १२० अंशांजवळ जातं, म्हणून काम लवकर उरकतं. आपल्या वसमतची हळद, जिला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती वाळवण्याआधी शिजवतात, तेव्हाही आतला स्टार्च असाच फुगतो. तिथे काडी टोचून बघतात, इथे दाणा चिमटून. माय म्हणते, "लोण्यावाणी व्हावा."

५) गहू पूर्ण शिजल्यावरच गूळ. "गूळ आधी टाकला की गहू हट्टाला पेटतो," हे मायचं वाक्य. शास्त्र असं, की गूळ पाणी धरून ठेवतो आणि स्टार्चला फुगायला पाणी कमी पडतं. गूळ विरघळला की खोबरं, भाजून कुटलेली खसखस, वेलदोडे, जायफळ, सुंठ घालून दहा मिनिटं रटरटू द्या. तळाला लागू नये म्हणून सारखं ढवळा.

६) दूध खिरीत उकळायचं नाही. गुळात थोडी आंबटाई असते, तिला उष्णतेची साथ मिळाली की दूध फाटतं. म्हणून वाटीत खीर वाढून, वरून तूप आणि कोमट दूध. खीर थंड झाली की घट्ट होते, तेव्हा गरम पाणी घालून सैल करा.

रूमवर शेगडी पेटवू नका बरं का! रेक्टर सरांची परवानगी काढा, मेसच्या मावशींना विनवा, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हा जमतं.

आता थोडं मनातलं. वरच्या सहा पायऱ्यांत टेम्परिंग आहे, डिफ्युजन आहे, हीट ट्रान्सफर आहे. आपण चार वर्षं फी भरून शिकतो ते मायने चुलीपुढे बसून शोधलं. तिने ते लिहिलं नाही, कारण तिला कुणी विचारलंच नाही. गावागावांत उखळं अंगणातून उचलून गोठ्याच्या कोपऱ्यात गेली. कांडणाऱ्या हातांचीही वयं झाली. रेसिपी पुस्तकात सापडेल एखादी, पण आपल्या घरची तिच्या हातातच आहे, आणि ते हात कायम राहणार नाहीत.

तेव्हा येत्या सुट्टीचं असाइनमेंट : प्रत्येकाने घरचा एक जुना गोड पदार्थ काट्यावर मोजून, वहीत लिहून आणायचा. कोकणातल्याने, विदर्भातल्याने, सगळ्यांनी. सबमिशन मेसमध्ये, वाटी-चमच्यासह. व्हायवा माय घेईल!