साधना-पाठ : वर्ग माणसापर्यंत न्यायचा

॥ श्रीगुरुचरणी वंदन ॥



आजचा पाठ नवीन आसनाचा नाही. आपल्या योगवर्गात कोण येत नाही, आणि का येत नाही, याचा आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

आमच्या बडोद्याच्या केंद्रात एक काकू वर्षानुवर्षं नियमित यायच्या. हळूहळू त्यांचं येणं कमी झालं, मग बंदच झालं. वय झालं, आवड कमी झाली असेल, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तेव्हा सहज विचारलं, "काकू, वर्गाला येत नाही हल्ली?"

त्या म्हणाल्या, "अगं, जिना चढवत नाही. आणि एकदा आले होते, तुला आठवत नसेल. खाली बसलं की उठता येत नाही म्हणून खुर्ची मागितली, तर तू म्हणालीस, 'काकू, खुर्चीवर बसून कसला योग? तुम्ही नुसतं बघत बसा.' मग म्हटलं, बघायलाच यायचं तर घरी टीव्ही आहे की."

मला खरंच आठवत नव्हतं. काकूंना मात्र दोन वर्षं आठवत होतं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. त्या दिवशी घरी येऊन मी पुस्तकं उघडली.

*शास्त्र काय सांगतं?*

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाविषयी फार थोडी सूत्रं आहेत. त्यांत आसन कसं असावं याच्या अटी दोनच : ते स्थिर असावं आणि सुखाचं असावं. मांडी घालूनच बसा, जमिनीवरच बसा, अशी अट तिथे नाही. स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत तर पहिल्याच प्रकरणात तरुण, म्हातारा, अतिवृद्ध, आजारी, अशक्त या सगळ्यांना योगाचा अधिकार दिला आहे. मागणी एकच, आळस न करता अभ्यास करायचा. म्हणजे ज्यांना शास्त्राने नाव घेऊन बोलावलं, त्यांनाच मी "नुसतं बघा" म्हणून बाजूला बसवलं होतं.

*आपल्या जवळचाच इतिहास*

आमच्या बडोदा जिल्ह्यात नर्मदाकाठी मालसर नावाचं गाव आहे. तिथे परमहंस माधवदासजी राहत. त्यांच्या दोन शिष्यांनी योग साधूंच्या मठातून गृहस्थाच्या घरापर्यंत आणला. श्रीयोगेंद्रजींनी 1918 मध्ये मुंबईत योग संस्था काढून संसारी माणसांना शिकवायला सुरुवात केली. दुसरे स्वामी कुवलयानंद, जन्म 1883, आमच्या डभोईचा. त्यांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासून पाहिलं.

पुढे पुण्यात बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे, भिंतीचे दोर हे सगळं साधनेत आणलं. ते स्वतः लहानपणी फार आजारी असत, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. आज जगभरचे योगशिक्षक खुर्ची वापरतात आणि कुणी तिला कमीपणाची मानत नाही. ज्या साधनाने माणूस स्थिर आणि सुखाने बसतो, ते साधन म्हणजे पळवाट नव्हे.

*आता प्रत्यक्ष कृती*

काकूंची माफी मागितली आणि वर्ग त्यांच्या ओसरीवर नेला. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी साडेचार. पहिल्या दिवशी त्या एकट्याच होत्या, आता शेजारपाजारचे मिळून सहा जण असतात. त्यातून जे शिकले ते लिहिते.

आधी विचारा, मग शिकवा. रक्तदाब, काचबिंदू, हाडं ठिसूळ होणं, गुडघा किंवा खुबा बदलल्याचं ऑपरेशन, चक्कर, यांपैकी काय आहे ते एकेकट्याला बाजूला घेऊन विचारायचं, सगळ्यांसमोर नाही. ऑपरेशन झालेलं असेल किंवा मोठा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

खुर्ची पक्की हवी. चाकांची नको, प्लॅस्टिकची डुगडुगणारी नको. मागे भिंत असावी. पाय टेकत नसतील तर खाली पाट द्या. चाकांची खुर्ची वापरणारे असतील तर आधी ब्रेक लावले का ते पाहा. पोटभर जेवण झालं असेल तर मध्ये तीन तास जाऊ द्या.

*वीस मिनिटांचा क्रम :*

1. गुरुस्मरण. पाठ ताठ, खांदे सैल, दोन मिनिटं नुसतं श्वासाकडे लक्ष.
2. घोटे वर-खाली दहा वेळा, मग गोल फिरवणं.
3. एकेक पाय गुडघ्यात सरळ करून दोन-तीन श्वास धरणं. प्रत्येकी पाच वेळा.
4. श्वास घेत हात वर, सोडत खाली. खांदा दुखत असेल तर खांद्याच्या उंचीपर्यंतच.
5. मान डावीकडे, उजवीकडे, हळू. मान गरागरा फिरवायची नाही.
6. खुर्चीतून उठणं आणि बसणं, तीन ते पाच वेळा, शेजारी कुणीतरी उभं असताना. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांनी हे सोडून द्यायचं. काकूंना सर्वांत उपयोग याचाच झाला.
7. संथ, समान श्वास-प्रश्वास. मग पाच वेळा भ्रामरी.
8. बसूनच शवासन, मग प्रार्थना.

हे टाळा : रक्तदाब असणाऱ्यांना श्वास रोखून धरायला लावू नका, जोराची कपालभाती नको. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाईल असं काही नको. हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करून पुढे वाकणं आणि झटक्याने पीळ देणं नको. दुखलं की थांबायचं, हा नियम सगळ्यांना. "थोडं सहन करा" हे वाक्य आपण विसरूनच जाऊ या.

*बोलण्याची पद्धत*

काकूंच्या दिरांना दिसत नाही. पहिल्या दिवशी मी सवयीने म्हटलं, "आता हात असा करा." ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, 'असा' म्हणजे कसा?" तेव्हापासून मी "उजवा हात समोरून खांद्याच्या उंचीपर्यंत" असं पूर्ण बोलते. गंमत म्हणजे त्यामुळे बाकीच्यांनाही जास्त नीट कळायला लागलं. हात लावून दाखवायचं असेल तर आधी विचारायचं, न विचारता कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही.

ऐकू न येणारे साधक असतील तर आपलं तोंड उजेडाकडे ठेवा, पाठमोरं बोलू नका, आधी करून दाखवा. शवासनात डोळे मिटल्यावर ते संपलं हे त्यांना कसं कळणार? खांद्यावर हलकेच हात ठेवायचा, की दिवा लावायचा, ही खूण आधीच ठरवून घ्या.

ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी फोन आहे. व्हिडिओ जमला तर उत्तम, फोन अशा जागी ठेवायला सांगा की त्या पूर्ण दिसतील. नाही जमला तर साधा फोन स्पीकरवर टाकून दहा मिनिटांचा श्वासाचा अभ्यास सहज होतो. पहिल्या काही वेळा घरात दुसरं कुणी असताना घ्या, आणि फोनवर उभं राहून करायचे प्रकार घेऊ नका. आमच्या एक मावशी अंथरुणाला खिळून आहेत. त्या रोज सकाळी फोनवर भ्रामरी करतात. त्यांच्या सूनबाई सांगत होत्या, "सकाळी आठला आई फोनकडेच बघत असतात."

सगळं जमलंय असं नाही. आमचा हॉल अजून पहिल्या मजल्यावरच आहे आणि तळमजल्यावर परवडणारी जागा मिळत नाही. पण हॉलमध्ये आता पुढच्या ओळीत चार खुर्च्या ठेवलेल्या असतात. कुणी मागण्याआधीच. पूर्वी योगदिनाच्या फोटोत सतरंज्यांच्या सरळ रांगा दिसाव्यात म्हणून मी खुर्च्या बाजूला करायला लावायचे. या 21 जूनला ओसरीवरच्या वर्गाचाही फोटो काढून ग्रुपवर टाकणार आहोत, खुर्च्यांसकट.

*या आठवड्याची सेवा*

आपल्या केंद्रात पूर्वी येणारी, आता न येणारी एक व्यक्ती आठवा. यादी नको, एकच. तिला फोन करा, मेसेज नको. तीन गोष्टी विचारा : यायला काय अडतं? कोणती वेळ सोयीची? आम्ही आलो तर चालेल का? आणि उत्तर देताना मध्ये बोलू नका. कदाचित आपल्याबद्दलच काही ऐकायला मिळेल. मिळालं तर तोही गुरुप्रसाद समजा.

काकू परवा मला म्हणाल्या, "तू हल्ली घाईत शिकवतेस, श्वास पुरा होऊ देत नाहीस." बरोबर होतं त्यांचं. नुसतं बघत बसलेल्या काकूंनी हे मला कधी सांगितलं असतं?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥ 🙏