दोन पेढ्यांची एक पाटी
(रग्बी लीगच्या क्लबांनी एकत्र येऊन काय कमावले, काय गमावले?)

भागीदारी करावी की नाही, केल्यास पाटी कोणाच्या नावाची लावावी, दुसऱ्या शहरात शाखा काढायची तर भांडवल कुठून आणावे, हे प्रश्न आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंना नेहमीच पडतात. या वेळी त्यांचा अभ्यास एका वेगळ्याच धंद्याच्या उदाहरणावरून करू या. हा धंदा आहे खेळाचा. खेळाचा आणि तिजारतीचा संबंध काय, असे काही वाचक विचारतील. परंतु ज्या क्लबाला दर महिन्याला पगार द्यावे लागतात, मैदानाचे भाडे भरावे लागते आणि गिऱ्हाईक आले नाही तर कुलूप लावावे लागते, तो क्लब म्हणजे एक पेढीच होय.

रग्बी लीग हा तेरा-तेरा खेळाडूंचा, अंडाकृती चेंडूने खेळला जाणारा खेळ. त्याचा जन्मच मजुरीच्या प्रश्नातून झाला. इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायर व लँकेशायर हा कापडगिरण्या आणि कोळसाखाणींचा मुलूख. भिवंडी-मालेगावच्या वाचकांना त्याची कल्पना सहज येईल. तेथील गिरणी कामगार शनिवारी सामना खेळायला गेला की त्याची मजुरी बुडे. ती भरून द्यावी, अशी उत्तरेच्या क्लबांची मागणी होती. लंडनच्या सुखवस्तू मंडळींनी ती फेटाळली, कारण त्यांच्या मते खेळ पैशासाठी नसावा. ज्याच्या घरात पैसा आहे त्याला असे बोलणे सोपे जाते! अखेर 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक होऊन उत्तरेच्या वीसएक क्लबांनी वेगळी संघटना काढली. बुडालेल्या रोजासाठी दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग देण्याचे ठरले. एवढ्या छोट्या रकमेवरून फुटलेला हा खेळ पुढे ऑस्ट्रेलियात गेला. 1908 मध्ये सिडनीत त्याची स्पर्धा सुरू झाली आणि तेथे त्याने मूळ खेळालाही मागे टाकले.

आपल्या विषयाची खरी सुरुवात मात्र 1995 पासून होते. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धेत एकदम चार नवे संघ घेतले गेले: पर्थ, टाउन्सव्हिल, ब्रिस्बेनमधील दुसरा संघ आणि न्यूझीलंडचे ऑकलंड. संघांची संख्या वीस झाली. त्याच वेळी दूरचित्रवाणीच्या हक्कांसाठी दोन बडे शेठ एकमेकांना भिडले. एका बाजूला रूपर्ट मर्डॉक यांची न्यूज लिमिटेड, तर दुसऱ्या बाजूला केरी पॅकर. (1977 मध्ये रंगीत कपड्यांच्या क्रिकेटची सर्कस उभी करणारे पॅकर ते हेच.) मर्डॉक यांनी क्लब व खेळाडू फोडून 'सुपर लीग' नावाची वेगळी स्पर्धा काढायचे ठरवले. खेळाडूंचे भाव रातोरात कितीतरी पटींनी वाढले. प्रकरण न्यायालयात गेले. 1997 मध्ये दोन वेगळ्या स्पर्धा झाल्या, प्रेक्षक वाटले गेले आणि दोन्ही बाजूंना तोटा झाला. वर्षअखेरीस समझोता होऊन 1998 पासून नॅशनल रग्बी लीग ही एकच स्पर्धा सुरू झाली. परंतु समझोत्यात एक अट होती: 2000 पर्यंत संघ चौदाच राहतील.

वीस दुकानांतून सहा बंद करायची तर ती कोणती? त्यासाठी निकष ठरले: प्रेक्षकसंख्या, तिकिटांचे उत्पन्न, नफा-तोटा, प्रायोजकांचा पैसा, मैदानावरील यश. आणि एक सवलतही दिली गेली. दोन क्लब एकत्र आले तर त्यांची जागा पक्की. ही सवलत ध्यानात ठेवावी, कारण पुढची लग्ने याच धाकाने लागली.

पहिले एकत्रीकरण सेंट जॉर्ज आणि इलावारा यांचे, 1998 मध्ये. सेंट जॉर्ज ही सिडनीची नामांकित जुनी पेढी. इलावारा हा वॉलाँगाँग या पोलाद व कोळशाच्या गावचा क्लब. तो स्पर्धेत 1982 पासूनचा, गाठीला पैसा कमी, पण हाताखाली तरुण खेळाडू भरपूर. हिस्सा निम्मा-निम्मा, नावात दोन्ही गावे, सामने दोन्ही मैदानांवर. पहिल्याच वर्षी, 1999 मध्ये, हा संघ अंतिम सामन्यात पोहोचला. तो सामना पाहायला 1,07,999 प्रेक्षक होते. मेलबर्नने 20-18 असे जिंकले, ही गोष्ट वेगळी. 2010 मध्ये मात्र विजेतेपद मिळाले. ही भागीदारी टिकली. याचे कारण असे की प्रत्येकाजवळ दुसऱ्याकडे नसलेली वस्तू होती आणि दोन्ही गावांत इतके अंतर होते की गिऱ्हाईक एकमेकांचे नव्हते. पुढे इलावाराचा हिस्सा एका माध्यम कंपनीच्या हाती गेला. म्हणजे निम्म्या हिश्शाचा भागीदार कायम तोच राहील, असे धरून चालता येत नाही.

दुसरे उदाहरण नॉर्थ सिडनी आणि मॅनली यांचे. नॉर्थ सिडनी हा 1908 पासूनचा क्लब. त्याने उत्तरेस गॉस्फर्ड येथे स्थलांतर करण्याचे ठरवले होते. तेथील मैदानाचे बांधकाम पावसाने रखडले, कर्ज वाढले आणि शेवटी शेजारच्या मॅनलीशी हातमिळवणी करावी लागली. हे दोघे पिढ्यान्पिढ्यांचे वैरी! 2000 मध्ये 'नॉर्दर्न ईगल्स' असे तिसरेच नाव लागले. नॉर्थ सिडनीच्या माणसाला ते आपले वाटेना आणि मॅनलीच्या माणसालाही. गॉस्फर्डच्या लोकांना तर कोणी विचारलेच नव्हते. 2002 च्या हंगामानंतर भागीदारी मोडली, परवाना मॅनलीकडे गेला आणि मॅनलीने जुने नाव पुन्हा लावून 2008 व 2011 मध्ये विजेतेपद मिळवले. नॉर्थ सिडनी पहिल्या दर्जाच्या स्पर्धेतून नाहीसा झाला. एकाच भागीदारीत एक पेढी वाचली व दुसरी बुडाली. करार करताना 'मोडल्यास परवाना कोणाचा' हे कलम किती मोलाचे असते, हे यावरून कळते. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आपल्याला आहेच. पण आपण बहुधा नफ्याची वाटणी लिहितो आणि फारकतीची राहू देतो.

तिसरी जोडी बामेन व वेस्टर्न सबर्ब्ज यांची. 2000 पासून 'वेस्ट्स टायगर्स' या नावाने. नाव चतुराईने जोडलेले होते, एकाचे 'वेस्ट्स' आणि दुसऱ्याचे 'टायगर्स'. 2005 मध्ये विजेतेपदही आले. पण बामेनची बाजू पुढे कर्जात रुतली आणि हिश्शाचा तोल सरकत सरकत सुमारे 90 टक्के मालकी वेस्टर्न सबर्ब्जच्या मागे असलेल्या क्लबाकडे गेली. 2022, 2023 आणि 2024 अशी सलग तीन वर्षे हा संघ तळाला राहिला. मैदानावरचे यश आणि गल्ल्यातील हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा हा नमुना.

साउथ सिडनीने मात्र कोणाशीही हात मिळवला नाही. हा गरीब मजूरवस्तीचा क्लब. निकषांत तो मागे पडला आणि ऑक्टोबर 1999 मध्ये त्याला स्पर्धेतून काढून टाकण्यात आले. हजारो लोक सिडनीच्या रस्त्यांवर उतरले. खटला लढवला गेला, 2001 मध्ये अपिलात निकाल बाजूने लागला आणि 2002 मध्ये क्लब परत आला. 2003 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरवला, पण तोवर त्याला पुन्हा बाहेर काढण्याची कोणाची हिंमत नव्हती. तरीही लोकांच्या प्रेमाने पगार होत नाहीत. 2006 मध्ये अभिनेता रसेल क्रो व उद्योगपती पीटर होम्स आ कोर्ट यांनी तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला 75 टक्के हिस्सा घेतला. 2014 मध्ये, तब्बल 43 वर्षांनी, विजेतेपद मिळाले.

इंग्लंडची हकीकत थोडक्यात. 1995 मध्ये मर्डॉक यांच्याकडून पाच वर्षांसाठी 8 कोटी 70 लाख पौंड मिळणार म्हणताच मंडळाने शेजारची गावे जोडण्याची यादी काढली. कॅसलफोर्ड, वेकफील्ड आणि फेदरस्टोन मिळून एक संघ, हलचे दोन मिळून एक. लोक खवळले आणि ती योजना बारगळली. 1999 मध्ये हडर्सफील्ड-शेफील्ड आणि हल-गेट्सहेड या जोड्या जमवल्या गेल्या. हडर्सफील्ड-शेफील्डचा संघ 2000 मध्ये शेवटचा आला. शेफील्डकरांनी त्याच वर्षी खालच्या विभागात आपला क्लब पुन्हा उभा केला. गेट्सहेडमध्येही तसेच घडले. म्हणजे दोन दुकाने जोडून एक झाले नाही. एक राहिले आणि दुसरे नव्याने उघडले.

आता शाखाविस्तार. पर्थचा संघ सिडनीपासून हजारो किलोमीटर दूर. पाहुण्या संघांच्या विमानप्रवासाचा खर्चही त्याच्याच डोक्यावर घातला गेला. 1997 अखेरीस तो कर्जासह बंद पडला. वीस वर्षांनी कॅनडाच्या टोरोंटोने तोच मार्ग धरला. 2017 मध्ये इंग्लंडच्या स्पर्धेत तळाच्या विभागातून सुरुवात झाली, पाहुण्यांचा प्रवासखर्च स्वतःकडे आणि दूरचित्रवाणीच्या पैशात वाटा नाही. सारा भार एका धनिकावर. 2020 मध्ये वरच्या विभागात पोहोचताच करोना आला, पगार थकले आणि जुलैमध्ये संघाने हंगामातून माघार घेतली. माल चांगला होता, गिऱ्हाईकही येत होते, परंतु भांडवलाचा नळ एकच होता.

याउलट दक्षिण फ्रान्सच्या पर्पिन्याँचे उदाहरण पाहावे. 1996 मध्ये इंग्लंडच्या स्पर्धेत पॅरिसचा संघ घेतला होता. पहिल्या सामन्याला 17,873 प्रेक्षक आले. मोठे शहर, मोठे नाव, पण या खेळाचे मूळ तेथे नव्हते. दोन हंगामांत तो बंद झाला. पर्पिन्याँचा मुलूख मात्र या खेळाचा जुना. 1941 मध्ये विशी सरकारने फ्रान्समध्ये रग्बी लीगवर बंदी घालून मालमत्ता जप्त केली, तरीही तेथील लोकांनी खेळ सोडला नाही. 2000 मध्ये तेथील दोन क्लब आपण होऊन एकत्र आले, सहा वर्षे तयारी केली आणि 2006 मध्ये 'कॅतलान्स ड्रॅगन्स' म्हणून इंग्लंडच्या स्पर्धेत उतरले. सुरुवातीची वर्षे त्यांना खालच्या विभागात न ढकलण्याची हमी मिळाली होती. 2018 मध्ये त्यांनी चॅलेंज कप जिंकला. एकत्रीकरणही यशस्वी आणि नवा प्रदेशही यशस्वी, असे हे दुर्मिळ उदाहरण.

मेलबर्नबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेथील संघ 1998 मध्ये न्यूज लिमिटेडच्या पैशावर उभा राहिला आणि झटपट यशस्वी झाला. पण 2010 मध्ये उघड झाले की खेळाडूंच्या पगारावरील मर्यादा चुकवण्यासाठी हिशेबाच्या दोन वह्या ठेवल्या जात होत्या. 2007 व 2009 ची विजेतेपदे काढून घेण्यात आली, शिवाय दंड.

आणि उत्पन्नाच्या मार्गाविषयी. 1956 पासून न्यू साउथ वेल्समध्ये क्लबांना जुगाराच्या यंत्रांची परवानगी आहे. सिडनीच्या अनेक संघांचा तोटा वर्षानुवर्षे त्याच पैशाने भरून निघत आला. आपल्या दृष्टीने तो पैसा हराम, यात वाद नाही. पण निव्वळ व्यापाराच्या नजरेनेही पाहावे: खेळातून किती मिळते व किती जाते, हे अशा क्लबाला कधी नीट दिसलेच नाही. याच खेळात लेबनॉनमध्ये जन्मलेला हाझेम अल मसरी कँटरबरी क्लबाकडून 1996 ते 2009 खेळला आणि सर्वाधिक गुणांचा विक्रम करून गेला. टोरोंटोकडून खेळलेल्या सॉनी बिल विल्यम्सने इस्लाम स्वीकारल्यानंतर, 2017 मध्ये रग्बी युनियन खेळताना, जर्सीवरील बँकेचे चिन्ह चिकटपट्टीने झाकले. संघटनेने त्याची अडचण मान्य केली.

नॉर्थ सिडनीची गोष्ट अर्धी राहिली होती. मे 2025 मध्ये जाहीर झाले की 2027 पासून पर्थचा संघ पुन्हा स्पर्धेत येईल आणि त्याचे नाव 'पर्थ बेअर्स' असेल. 'बेअर्स' हे नॉर्थ सिडनीचे जुने नाव. क्लब बाहेर पडल्यानंतर पंचवीस वर्षे त्याच्या लोकांनी ते खालच्या स्पर्धांत खेळत राहून जपले होते.