थव्यातला एकच पक्षी स्पष्ट

ठाणे खाडीला भरती आली की चिखल पाण्याखाली जातो, खाणं थांबतं आणि रोहित म्हणजेच फ्लेमिंगोंचे थवे नेरुळच्या पाणथळींवर विसावायला येतात. खाडीच्या अभयारण्याची घोषणा २०१५ची, रामसर स्थळाचा दर्जा २०२२चा. हिवाळा सुरू झाला की तिथल्या टी. एस. चाणक्य या संस्थेमागच्या बांधावर कॅमेरे दिसू लागतात, आणि कॅमेऱ्यांपाठोपाठ सशुल्क शिबिरंही.

अशाच एका शिबिराचे पैसे प्रस्तुत लेखिकेने भरले. शिकवणाऱ्या गृहस्थांचा मंत्र एकच होता: अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागचं सगळं विरघळलं पाहिजे. ‘‘एक पक्षी नको, आख्खी रांग हवी असेल तर?’’ असं लेखिकेने तिथेच विचारलं. ‘‘मॅडम, आधी बेसिक शिका,’’ हे उत्तर. चारचौघांत. खरं तर विचारलं होतं ते बेसिकच.

घरी मोठ्या पडद्यावर फोटो उघडले तेव्हा सगळा उलगडा झाला. तिरक्या रांगेतल्या एकाच पक्ष्याचा डोळा लख्ख, पीस न् पीस मोजावं असं. त्याच्या पुढचे-मागचे सगळे गुलाबी डाग. शिबिराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इतरांचे फोटोही तसेच येत राहिले, तरी गृहस्थांचा निकाल ठरलेला: लेन्स हलकी आहे, एफ/२.८ची घ्या, ओळखीचं दुकान आहे. हे वाचून लेखिकेचं डोकं फिरलं, कारण त्या लेन्सने, पूर्ण उघडी ठेवली तर, फोटो आणखी बिघडला असता.

एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या फोकल लेंग्थला छिद्राच्या, म्हणजे अ‍ॅपर्चरच्या, व्यासाने भागून आलेली संख्या. ४०० मि.मी.च्या लेन्सवर एफ/५.६ला छिद्र सुमारे ७१ मि.मी. रुंद असतं, एफ/११ला ३६. रुंद छिद्रातून येणारा प्रकाशाचा शंकू रुंद असतो. त्यामुळे फोकसच्या पुढे-मागे असलेला प्रत्येक बिंदू सेन्सरवर मोठी चकती होऊन पसरतो. छिद्र लहान केलं की चकत्या आकसतात आणि स्पष्ट दिसणारा पट्टा, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, वाढतो. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, ४०० मि.मी. लेन्स आणि ३० मीटरवरचा थवा धरा. एफ/५.६ला हा पट्टा साधारण सव्वा मीटर, एफ/११ला अडीच मीटर. आणि ती महागडी एफ/२.८? जेमतेम साठ सेंटिमीटर! अंतर तर याहून निर्दयी आहे. पक्षी १५ मीटरवर आले की एफ/५.६चा सव्वा मीटर तीस सेंटिमीटरवर उतरतो.

छिद्र लहान करण्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. एफ/५.६वरून एफ/११वर गेलं की प्रकाश चौथाई उरतो, म्हणून आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ४००ची १६०० करा. उभ्या पक्ष्यांना १/५०० सेकंदाचा शटर वेग पुरतो, उडणाऱ्यांना नाही. ‘फोकसच्या पुढे एक तृतीयांश, मागे दोन तृतीयांश’ हा सर्रास सांगितला जाणारा नियम लांब लेन्सवर चालत नाही; तिथे दोन्हीकडे जवळपास सारखंच मिळतं. त्यामुळे फोकस रांगेच्या मध्यावर धरा.

त्याहून मोलाची गोष्ट फुकट आहे. बांधावरून चालत जा आणि रांग आपल्याला समांतर येईल तिथे उभे राहा. मग एफ/८लासुद्धा थवा सापडतो. हे कुणी सांगितलं नाही, आणि याचाच राग अजून जात नाही.

एकदा हे कळलं म्हणून छिद्र अगदी बारीकही करू नये. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन आदी छायाचित्रकारांनी १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात स्थापलेल्या गटाचं नावच ‘ग्रुप एफ/६४’ होतं, पण त्यांचे कॅमेरे मोठ्या निगेटिव्हचे. क्रॉप सेन्सरवर एफ/१६च्या पुढे प्रकाशाच्या विवर्तनाने सगळंच चित्र मऊ पडतं. दुपारी चिखलावरून उठणाऱ्या झळांवर तर कुठलाच आकडा उपाय नाही, सकाळीच जा. मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडवर विसंबू नका, तो मागचं चित्र सॉफ्टवेअरने पुसतो आणि रोहितांचे काडीसारखे पाय त्यात गायब होतात. पक्षी उडवण्यासाठी टाळ्या वाजवू नका, कुणी वाजवत असेल तर थांबवा.

आणि शिबिराचे पैसे भरण्याआधी शिकवणाऱ्याकडे त्याने स्वतः काढलेले थव्यांचे फोटो मागा. प्रत्येक फोटोचा एफचा आकडा आणि तो का निवडला, हे विचारा. उत्तराऐवजी दुकानाचा पत्ता मिळाला, तर पैसे भरू नका.