बाळंतिणीची रुबेला-प्रतिकारशक्ती आणि तान्हे बाळ



उसाच्या लागणीआधी आपण बेणेप्रक्रिया करतो. कांडी मातीत गेल्यावर ती करता येत नाही. रुबेलाच्या लसीचेही तसेच आहे. ती दिवस जाण्याआधी टोचून घ्यायची. गरोदरपणी देत नाहीत. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे.

रुबेला म्हणजे जर्मन गोवर. थोडा ताप, बारीक पुरळ, कानामागे गाठी. चार दिवसांत पोर पुन्हा खेळायला लागतं, म्हणून आपण मनावर घेत नाही. पण हाच आजार गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत झाला, तर बाळाला जन्मतः मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचे दोष होऊ शकतात. ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली हा संबंध दाखवून दिला.

ज्या आईला पूर्वी रुबेला होऊन गेला किंवा लस मिळाली, तिच्या रक्तातील प्रतिपिंडे नाळेतून बाळाला मिळतात. पण ही शिदोरी काही महिन्यांचीच. म्हणून गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत द्यावा. "एक झालाय, बास की," असे म्हणू नये.

आईकडेच शक्ती नसली तर? ते रक्ततपासणीत कळते. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली लसीकरण मोहीम ९ महिने ते १५ वर्षांखालील मुलांसाठी होती. त्याहून मोठ्या मुली त्यातून राहिल्या. त्यांतल्या कितीतरी आज आपल्या सुना-लेकी आहेत. अशा बाईने बाळंतपणानंतर डॉक्टरांना विचारून लस घ्यावी, म्हणजे पुढच्या खेपेची काळजी मिटते. बाळ अंगावर पीत असले तरी लस चालते. मात्र त्यानंतर एक महिना दिवस राहू देऊ नयेत.

आणखी एक. हंगामात तोडणीच्या टोळ्यांबरोबर तान्ही पोरं फडावर येतात आणि गावाकडचा डोस राहून जातो. मुकादमाला सांगून त्यांची लसीकरण कार्डे बघावीत, राहिलेला डोस जवळच्या आरोग्य केंद्रात द्यावा. रुबेला खोकल्या-शिंकण्यातून पसरतो. त्याला खोपी आणि वाडा सारखाच.

सभासदांनी ही माहिती घरच्या बायामाणसांना जरूर वाचून दाखवावी, ही विनंती.