मे महिन्यात केळी पिकवण कक्षाचे यंत्र का थांबते?

प्रश्न : रावेर परिसरातील केळी पिकवण कक्षाचे यंत्र मे महिन्यात भर दुपारी आपोआप बंद पडते. त्यातील दाबाचा स्विच काढून थेट जोडणी केल्यास चालेल काय?

उत्तर : मुळीच चालणार नाही. पिकवण कक्ष असो वा शीतगृह, काँप्रेसर वायू दाबतो आणि त्यातील उष्णता कंडेन्सरच्या जाळीतून बाहेरच्या हवेत जाते. जळगाव-धुळ्याकडे पारा 44-45 अंशांवर चढला, की ती निघणे अवघड होते, दाब वाढतो आणि मर्यादा ओलांडताच ‘एचपी कटआउट’, म्हणजे उच्च दाबाला वीज तोडणारा स्विच, यंत्र थांबवतो. कारण पुष्कळदा जाळीत साचलेली धूळ किंवा बंद पडलेला पंखा एवढेच असते. ते न शोधता रीसेटचे बटण पुनःपुन्हा दाबणे म्हणजे काँप्रेसर जाळण्याची तयारीच होय. वायू गळून दाब उतरल्यास ‘एलपी कटआउट’ तेच काम करतो, तर तीनपैकी एक फेज गेल्यास विहिरीवरील मोटारीमुळे शेतकऱ्यांना परिचित असलेला ‘सिंगल फेज प्रिव्हेंटर’ मोटर वाचवतो. वीज परतल्यावर यंत्र सुमारे 3 मिनिटे थांबून सुरू होते, तोही दोष नव्हे. तेवढ्यात दोन्ही बाजूंचे दाब बरेचसे समान होतात. तापमानाच्या सेन्सरकडे मात्र विशेष लक्ष हवे, कारण तो चुकल्याने कक्ष 13 अंशांच्या खाली गेला, तर केळीची साल काळवंडते आणि दाबाचा कोणताही स्विच त्याची खबर देत नाही.