एअर प्लांट मलूल झालंय? आधी बूड चाचपा

रोप आणा इकडे टेबलावर, चांगल्या उजेडात. हातातली फवाऱ्याची बाटली मात्र बाजूला ठेवा. एअर प्लांट, म्हणजे टिलँडसिया, घरात बिघडतं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी: एक तर तहानेनं, नाहीतर सडल्यानं. लांबून दोन्ही सारखंच दिसतं, मरगळलेलं आणि तपकिरी. पण तहानलेल्याला जे पाणी जगवतं, तेच सडत असलेल्याला संपवतं. म्हणून आधी तपासणी, मग पाणी. हा क्रम मोडायचा नाही.

हाताशी घ्या: खोलगट पातेलं (स्टीलचं किंवा प्लॅस्टिकचं), भाजी निथळायची चाळण, धारदार कात्री, कापूस, औषधाच्या दुकानात मिळतं ते स्पिरिट आणि जुना पंचा. पाणी पावसाचं असेल तर उत्तम. नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवलेलं. बोअरचं जड पाणी नको, पानांवर पांढरे थर चढतात. सोसायटीत पाणी मऊ करणारं यंत्र असेल तर तेही पाणी नको, त्यातलं सोडियम रोपाला सोसत नाही.

तपासणी

१. रोप सजावटीतून पूर्ण मोकळं करा. काचेचा गोळा, शंख, लाकडाचा तुकडा, सगळं दूर. ओढाताण नको. मुळं चिकटली असतील तर कात्रीनं खुशाल कापा, ती फक्त धरून बसण्यासाठी असतात. तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर आत्ताच काढून टाका, तांबं या रोपाला विष आहे.

२. बूड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत हलकेच दाबा. टणक लागलं तर सुटकेचा निःश्वास टाका. लिबलिबीत, काळपट किंवा जांभळट ओलसर लागलं तर सड आहे. करकचून दाबू नका, चांगला भागही चेंगरेल.

३. बूड नाकाशी न्या. कुबट, आंबूस वास आला तर सड नक्की.

४. अगदी मधलं, कोवळं पान एकदाच हळू ओढून बघा. ते अलगद हातात आलं आणि त्याचं खालचं टोक काळं निघालं, तर शेंडा गेलाय. जोर लावलात तर निरोगी पानही तुटेल.

५. एक पान आडवं धरून त्याच्या कडा बघा. पन्हळीसारखं उघडं असायला हवं, ते जर मिटून नळी झालं असेल, अंगावर सुरकुत्या असतील, टोकं कुरकुरीत असतील, तर रोप तहानलेलं आहे. झेरोग्राफिका या जातीला मात्र या परीक्षेतून सूट. तिची पानं स्वभावानंच कुरळी. ती नेहमीपेक्षा आखडली असतील तरच काळजी करा.

६. पानांच्या बेचक्यांत मोबाइलचा टॉर्च मारा. कापसाचे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण. नखानं खरवडून निघणारे तपकिरी फोड दिसले तर खवले कीड. पण सगळ्या पानांवर सारखी पसरलेली चंदेरी लव म्हणजे बुरशी नव्हे! ती पुसायला जाऊ नका, रोप पाणी पितं ते तिच्यातूनच. शंका आली तर त्या जागी पाण्याचा एक थेंब सोडा: लव दिसेनाशी होऊन पान हिरवंगार होतं, किडीचा पुंजका पांढराच राहतो.

७. डाग कोणत्या बाजूला आहेत ते बघा. फक्त खिडकीकडच्या पानांवर पांढुरके किंवा तपकिरी चट्टे असतील तर तो उन्हाचा चटका. चट्टे पुन्हा हिरवे होत नाहीत, त्यामागे लागू नका. जागा बदला, बस्स.

आणि उगाच घाबरू नका. खालची एक-दोन पानं वाळणं, मुळं तपकिरी असणं, आयोनांथा जातीची मधली पानं लाल होणं, यातलं काहीच आजारपण नाही. ती लाली म्हणजे तर फुलायची तयारी. फूल येऊन गेल्यावर आईरोप सावकाश वाळत जातं आणि बुडाशी पिल्लं धरतात, तेही रीतसरच आहे. पिल्लं आईच्या निम्म्या आकाराची होईपर्यंत त्यांना हात लावू नका.

सड निघाली तर

यासोबत तहानेची लक्षणं दिसत असली तरी आज भिजवायचं नाही.

८. सैल, काळी पानं बाहेरून आत एकेक करत खाली ओढून काढा. टणक, पांढरट-हिरवा भाग लागला की थांबा. सगळंच हातात आलं तर मात्र रोप गेलं. टाकायच्या आधी पुढची पायरी तेवढी करा.

९. बुडाशी पिल्लू आहे का शोधा. टणक पिल्लू सापडलं तर स्पिरिटनं पुसलेल्या कात्रीनं ते सोडवून घ्या, मग आकार केवढाही असो. इथे वाट बघण्यात अर्थ नाही, सड त्याच्यापर्यंत पोचेल.

१०. उरलेला भाग उलटा करून, सावलीत पण खेळत्या हवेत, दोन-तीन दिवस तसाच ठेवा. बागवाले मित्र बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड सुचवतील. बागेत ते ठीक. इथे नाही, दोन्हींत तांबं आहे.

११. नंतरचा आठवडाभर सकाळी फक्त हलका फवारा मारा. बूड टणक राहिलं तरच सोळाव्या पायरीवर या.

कीड निघाली तर

१२. रोप बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. जास्वंदीच्या शेजारी तर नकोच, पिठ्या ढेकणांना ती फार आवडते.

१३. काडीला गुंडाळलेला कापूस स्पिरिटमध्ये बुडवा, पिळा आणि प्रत्येक पुंजक्याला टेकवा. अख्ख्या रोपावर स्पिरिट ओतू नका. तेलाचे फवारेही मी टाळते, त्यांनी लव बुजते.

१४. दहा मिनिटांनी रोप साध्या पाण्यानं धुऊन नीट झटका.

१५. आठवड्यानं पुन्हा टॉर्च मारा. किडीची पिल्लं बाहेर आलेली दिसतील, तेव्हा तेरावी पायरी परत.

तहान निघाली तर

१६. पातेल्यात घरातल्या हवेइतकंच कोमट-गार पाणी भरा. फ्रीजचं नको.

१७. सकाळीच रोप पूर्ण बुडवा. तरंगत असेल तर वर चाळण पालथी घाला. फुललेलं असेल तर फूल तेवढं पाण्याबाहेर ठेवा, नाहीतर ते कुजेल.

१८. आयोनांथा चार ते सहा तासांनी बाहेर काढा. झेरोग्राफिकाला तासभर पुरे. "फार सुकलंय, राहू दे अजून दोन दिवस" हा लाड करू नका, रोप पाण्यात गुदमरतं.

१९. रोप उलटं धरून झटका, थेंब पडायचे थांबेपर्यंत. बल्बोसा जातीच्या फुगीर बुडात पाणी दडून बसतं, तिला जरा जास्त वेळ झटका.

२०. पंचावर आडवं ठेवून पंखा लावा. चार तासांच्या आत ते कोरडं झालंच पाहिजे. माझ्या मते घरातली निम्मी एअर प्लांट्स इथेच जातात: बाहेरून कोरडी दिसतात, आत बेचक्यात पाणी तसंच. म्हणून टिश्यूची बारीक वळी करून बेचक्यात खुपसा. ओली निघाली तर रोप अजून पंख्याखालीच. उन्हात वाळवायचं नाही.

२१. वाळकी टोकं तिरकी कापा. तपकिरी रंगाची बारीक कड राखा; हिरव्यात कात्री लागली तर टोक पुन्हा वाळतं.

२२. तीन-चार दिवसांनी परत भिजवा, आणि पानाची नळी उघडेपर्यंत असंच चालू ठेवा. एका आंघोळीत रोप टवटवीत होत नाही.

बरं झाल्यावर

२३. पूर्वेच्या खिडकीत, भरपूर उजेडात ठेवा. दुपारचं थेट ऊन, एसीचा झोत आणि बंद बरणी, तिन्ही नको. बांधायचं असेल तर तंगूस वापरा.

२४. आठवड्यातून एकदा २० ते ३० मिनिटं भिजवा. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात दोनदा. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये वार बघून भिजवू नका, पानं बघा; ती मिटायला लागली तरच पाणी द्या, आणि दिलंत की पंखा हवाच.

२५. मधून नवं पान निघालेलं दिसलं की मगच खत. ऑर्किडचं, युरिया आणि तांबं नसलेलं, डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव पट, महिन्यातून एकदा भिजवायच्या पाण्यात. आजारी रोपाला आधीच खत घातलंत तर पानांची टोकं जळतील आणि एकविसावी पायरी पुन्हा करावी लागेल.